आधी नाणं, मग कहाणी

जुन्या नाण्यांच्या डब्यात हात घालून एकच नाणं काढायला जावं, तर बोटांना चिकटून चार-पाच वर येतात. आमच्या नाणेकट्ट्याच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा येतोच. आई म्हणते, "चारचौघांत तोंडाने नाही सांगत, तर लिहून तरी ठेव." म्हणून लिहितेय.

कट्टा म्हणजे देवळाली प्रवरातलं सय्यदचाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. रविवारी सकाळी तिथे चार मोठी माणसं जमतात आणि पाचवी मी, नववीतली. स्वतः चाचा, दूध संकलन केंद्रातून रिटायर झालेले नाना, शिवणकाम करणाऱ्या उज्ज्वलाकाकू आणि आमच्याच शाळेतले चित्रकलेचे विश्वास सर. जिल्ह्यातून कुठून कुठून लोक आमच्या ग्रुपवर जुन्या नाण्यांचे फोटो टाकतात आणि विचारतात, "नाणं किती चांगलं आहे?" नाणं काही आमच्या हातात येत नाही. फोटो मोठा करायचा, राजाचे केस, राणीचे कपडे, कडा, ओरखडे बघायचे आणि ग्रेड सांगायची. फी नाही. चहा चाचांचा.

आता माझी अडचण सांगते, कारण पुढे ती सारखी येणार आहे. घरात मी भरपूर बोलते. पण बाहेरची दोन माणसं समोर आली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शब्द तयार असतो, गळ्यापर्यंत येतो आणि तिथेच बसतो! आईला माझ्या अभ्यासाची काळजी नाही, याचीच आहे.

*

पहिल्या रविवारी पप्पा मला दुकानाशी सोडून गेले. पप्पा दुधाचा टेम्पो चालवतात, त्यामुळे नानांची त्यांची जुनी ओळख; माझ्या आईला तर नाना सूनबाईच म्हणतात. मी घरी सुटे पैसे भिंगाखाली बघत बसते, हे पप्पांनीच नानांना सांगितलं होतं.

"नाव काय गं बाळा?" नानांनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत उभी. नाव माझं स्वतःचं, रोज वहीवर घालते, पण येईना!

विश्वास सर मला शाळेतून ओळखत होते. ते हळूच म्हणाले, "नाना, ती बोलत नाही फारशी."

"मग नावाची काय घाई हाय?" नाना म्हणाले आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. चांदीच्या रुपयाचा फोटो होता. "ह्ये नाणं किती फिरलंय, तेवढं सांग. तोंडानं नको, बोटांनी सांग. पाच बोटं म्हंजी कोरं, बाजार न बघितलेलं. चार म्हंजी जरासं फिरलेलं. तीन म्हंजी फिरलेलं, दोन म्हंजी झिजलेलं. आन् एक म्हंजी पार गुळगुळीत."

मी फोटो मोठा केला. मग तीन बोटं वर केली.

"आम्ही तर सगळ्यांनी चार दिलेत," उज्ज्वलाकाकू म्हणाल्या.

मी राजाच्या कानावर बोट ठेवलं. तिथे केसांच्या बटा असायला हव्या होत्या. बटा कुठल्या, नुसतं टक्कल होतं!

नानांनी चष्मा वर-खाली केला. "तीनच! आपुन चौघं काय बघत हुतो मग?"

"चहा," चाचा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेले तर नवीन फोटोवर ग्रेड द्यायला सगळ्यांनीच बोटं वर केली. काकूंच्या गळ्यात माप घ्यायची टेप, एका हातात कात्री आणि दुसऱ्या हाताची चार बोटं वर! मी बघतच राहिले. काकू म्हणाल्या, "एकटीनेच कशाला हात वर करायचा?"

आणि त्याच दिवशी नानांनी जाहीर केलं, "ही पोर ज्या दिवशी तोंडानं ग्रेड सांगंल, त्या दिवशी पेढे माझ्याकडून!"

"नाना, तुम्हांला शुगर आहे," चाचा म्हणाले.

"वाटायचेत. खायचे न्हाईत!"

*

चाचांच्या बाबतीतला किस्सा मी कधीच विसरणार नाही.

चाचा तसे डोळ्याचे पक्के. घड्याळातला केसाएवढा स्क्रू त्यांना दिसतो. पण एकदा काय झालं, की ते प्रत्येक नाण्याची एक ग्रेड कमी करायला लागले. "गालावर ओरखडा आहे," त्यांचं एकच म्हणणं. पाचव्या जॉर्जच्या गालावर ओरखडा. सातव्या एडवर्डच्या गालावर ओरखडा. राणीच्याही गालावर ओरखडा!

विश्वास सरांशी त्यांचं भांडण जुंपलं. सर म्हणाले, "चाचा, आम्हांला कुणालाच दिसत नाही तो!"

"तुम्ही रंगारी माणसं. बारीक काम आमचं."

"मग सगळ्या राजांना एकाच मांजराने ओरबाडलं का?"

चाचांनी रागाने चहा मागवलाच नाही. प्रकरण फारच वाढलं म्हणायचं!

मी कोपऱ्यात बसून बघत होते. चाचा फोटो मोठा करायचे, गाल मध्यभागी आणायचे आणि ओरखडा दाखवायचे. ओरखडा नेहमी तसाच तिरपा आणि पडद्यावर नेहमी त्याच जागी. मी माझ्या मोबाईलवरून ग्रुपवर लिहिलं, "चाचा, गाल जरा बाजूला सरकवून बघा."

चाचांनी गाल सरकवला. ओरखडा जागच्या जागी राहिला, आता राजाच्या नाकावर!

चाचांनी मोबाईल उजेडात तिरपा धरला. काचेला मस्त लांबलचक चीर गेली होती.  मग त्यांनी चहावाल्याच्या पोराला हाक मारली, "पाच चहा सांग रे. आणि या मुलीला क्रीम रोल."

*

उज्ज्वलाकाकूंनी मला फोटो काढायला शिकवलं. त्या म्हणतात, कापड बघायचं असेल तर समोरून उजेड नको, बाजूने पाहिजे, तेव्हाच त्याचा पोत दिसतो. नाण्याचंही तसंच. म्हणून त्या नाणं शिलाई मशीनच्या दिव्याखाली ठेवतात आणि दिवा तिरपा करतात. त्यांच्या मशीनच्या दिव्याखाली निघतो तितका चांगला फोटो आमच्याकडे कुठेच निघत नाही.

एकदा लग्नसराईत आम्ही दोघी मशीनवर वाकून काकूंच्याच एका राणीच्या रुपयाचा फोटो काढत होतो. राणीच्या कपड्यावर बारीक नक्षी असते. ती किती शिल्लक आहे त्यावरून ग्रेड कळते. तेवढ्यात एक बाई आल्या.

"काकू, ब्लाउज झाला का?"

"थांबा हो जरा, राणीच्या ड्रेसचं बघतेय," काकू मान वर न करता म्हणाल्या.

बाई थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "काकू, परवा हळद आहे माझ्या बहिणीची."

"कळतंय हो. पण हिचं गळ्याजवळचं काम गेलंय का बघू द्या. खांद्यावरचं ठीक वाटतंय."

आता बाईंचा पारा चढला. "ही कोण राणी? माप मी आधी दिलं होतं! तिला म्हणावं, रांगेत ये!"

काकूंनी शांतपणे नाणं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या. तुम्हीच सांगा तिला."

*

आमच्या कट्ट्याचा एक नियम आहे. आधी नाणं, मग कहाणी. ग्रेड देईपर्यंत नाणं कुणाचं, कसं मिळालं, यातलं काहीही ऐकायचं नाही. हा नियम का झाला, तेही ऐका.

एका गृहस्थांनी फोटोसोबत भली मोठी कहाणी पाठवली होती. त्यांच्या पणजोबांनी हे नाणं पुरात सगळं वाहून गेलं तरी मुठीत धरून ठेवलं, वगैरे. वाचून काकूंनी डोळे पुसले. सर म्हणाले, "या नाण्याला नमस्कार केला पाहिजे." सगळ्यांची चार बोटं वर. मीसुद्धा चारच दिली, खोटं कशाला सांगू!

काही दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून एक फोटो आला. कहाणी नाही, काही नाही. सगळ्यांनी बघितलं. दोन बोटं.

सर तर म्हणाले, "दोन पण जास्तच होतात."

खाली मेसेज आला. "मी त्यांचा मेहुणा. तेच नाणं आहे. भावजींना चार दिले, मला दोन. माझ्यात काय कमी आहे?"

नाना कितीतरी वेळ हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "कहाणी ऐकली की डोळे फितूर होत्यात. आजपासून आधी नाणं."

*

पण सगळेच किस्से हसण्याचे नाहीत.

काष्टीहून एका शेतकरी काकांनी फोटो टाकला. फार सुंदर रुपया होता. राजाच्या झग्यावर साखळीत एक बारीकसा हत्ती असतो, तो सोंडेसकट दिसत होता. सगळ्यांनी चार बोटं दिली, फक्त सरांनी खाली लिहिलं, "लाल डाग दिसतो."

काकांचा लगेच फोन आला. नानांनी स्पीकर लावला.

"डाग न्हाई वो, कुकू हाय! देवातलं नाणं हाय आमचं!"

सगळे हसले. विषय संपला असं आम्हांला वाटलं. संध्याकाळी काकांचा दुसरा फोटो आला. नाणं आरशासारखं चमकत होतं.

नानांनी फोन केला. "पाव्हनं, नाण्याला काय केलं?"

"घासलं की! लिंबू लावलं, रांगोळी लावली. तुमीच म्हनला डाग हाय. आता बघा, लई चकचकीत झालंय. आता तरी पाच द्या!"

घासलं की नाण्याच्या अंगावरचा मूळ तजेला जातो आणि तो पुन्हा कधीच येत नाही. चमकतो तो नुसता खरवडलेला धातू असतो. हत्ती तर गेलाच होता. मी ग्रुपवर एकच शब्द लिहिला, "घासलेलं."

मी नंतर नानांना मोबाईलवर लिहून विचारलं, की घासलेल्याला किती बोटं? नाना म्हणाले, "घासलेल्याला बोट न्हाई बाळा. ते नापास. ते शब्दानंच सांगावं लागतं."

त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असं नानींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. नानी म्हणजे नानांची बायको. "नाणं त्याचं, आन् खराब आपल्या तोंडानं झालं," असं म्हणत बसले होते म्हणे.

तेव्हापासून ग्रुपवर कुणीही फोटो टाकला की आमचं पहिलं उत्तर ठरलेलं. "काही करू नका." सरांना तर इतकी सवय लागलीय, की परवा एकाने फुलांच्या फोटोसोबत "शुभ सकाळ" पाठवलं, तर सरांचं उत्तर गेलं, "काही करू नका!"

*

शाळेतला एक सांगते. मराठीची तोंडी परीक्षा होती. मॅडमनी विचारलं, "तुझ्या छंदाविषयी चार वाक्यं सांग."

चार वाक्यं! माझ्याकडे चाळीस होती. पण मी उभी राहिले ती उभीच. मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी वाट बघितली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर जोरात गाणी लावून गेला, तोही लांब गेला. वर्गात काही मुली खुदखुदायला लागल्या.

दारावरून विश्वास सर चालले होते. त्यांनी मला बघितलं, थांबले, मोबाईल काढला आणि लांबूनच एक फोटो दाखवला. माझा हात आपोआप वर गेला. दोन बोटं.

"बघा मॅडम," सर म्हणाले, "तिने सांगितलं. तुम्हांला ऐकू आलं नाही, एवढंच."

सगळा वर्ग हसला, पण या वेळी मला नाही. मीही हसले. मॅडमही हसल्या. मार्क मात्र त्यांनी ऐकू आलं तेवढ्याचेच दिले!

*

आता शेवटचा.

गावातल्या वाचनालयाने आम्हांला विचारलं, की तुमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाचं एकेक नाणं आम्ही काचेच्या कपाटात मांडू का? फोटो मोठे करून मागे लावू आणि खाली ग्रेड लिहू. नाना म्हणाले, "पाटी खरी पायजे. एक जरी म्हनला न्हाई, तर नाणं मांडायचं न्हाई."

सगळ्यांची नाणी ठरली. राहिलं नानांचं.

नानांकडे चांदीचा एकच रुपया आहे. त्यांना नोकरी लागली त्या दिवशी वडिलांनी तो त्यांच्या हातावर ठेवला होता. ही कहाणी आम्ही इतक्या वेळा ऐकलीय, की नाना मध्येच थांबले तर चाचा पुढची सांगतात. म्हणजे नियम आधीच मोडलेला. कहाणी आधी, नाणं मागून!

रुपया देवघरात असतो. तो फोटो काढायला नानांनी माझ्याकडेच दिला. मी काकूंच्या मशीनखाली ठेवला, दिवा तिरपा केला आणि मोबाईलमध्ये बघितलं. नाणं लखलखत होतं. आणि त्यावर बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेला. सडा घालून झाडलेल्या अंगणात खराट्याच्या रेघा उठतात, तशा. हत्तीच्या जागी नुसता फुगवटा होता.

काकूंनी माझ्या खांद्यावरून बघितलं. दिवा बंद केला.

मी फोटो ग्रुपवर टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ग्रेड आल्या नाहीत. काकूंनी जोडलेले हात पाठवले. सरांनी "सुंदर!" लिहिलं. चाचांनी लिहिलं, "चार्जिंग संपत आलंय." मी एक शब्द लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला.

दिवाळी झाल्यावर नानींनी सगळ्यांना फराळाला बोलावलं. खाणं सुरू झाल्यावर नाना म्हणाले, "आज माझ्या नाण्याचं ठरवून टाकू. पोरी, तुझा मोबाईल दे, मोठा फोटो त्याच्यातच हाय."

मी मोबाईल दिला. आता लिहिण्याचीही सोय उरली नाही.

नानांनी फोटो सगळ्यांसमोर धरला. "बोला सर."

विश्वास सरांनी चार बोटं वर केली, मग तीन केली, मग त्याच हाताने कान खाजवला.

"चाचा?"

चाचांनी खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं. मोबाईलवरचा फोटो बघायला भिंग! बघतच राहिले.

"उज्ज्वला?"

काकूंनी अख्खा बेसनाचा लाडू तोंडात घातला आणि बोलता येत नाही, असं खुणेने सांगितलं.

नाना माझ्याकडे वळले. "तू सांग बाळा. किती बोटं?"

माझा हात वर यायला लागला आणि खांद्यापाशी थांबला. कुठलं बोट दाखवू? या नाण्याला बोटच नव्हतं. मला पहिल्या दिवशी नावासाठी न अडवता बसवून घेणारे नाना माझ्यासमोर बसले होते. खोटी तीन बोटं दाखवणं किती सोपं होतं! पण आधी नाणं, मग कहाणी, हे त्यांनीच शिकवलं, हत्ती बघायला त्यांनीच शिकवलं. तीन दाखवली असती, तर त्यांनी शिकवलेलं सगळं वाया गेलं असतं.

"नाना," मी म्हणाले, "घासलेलं आहे."

काकूंचं लाडू चघळणं थांबलं. चाचांच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं.

स्वयंपाकघराच्या दारात नानी चकल्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "घासलेलं म्हंजी? घासलेलंच हाय!" त्या म्हणाल्या. "दर लक्ष्मीपूजनाला मीच घासती, चिंच लावून, रांगोळीनं. उगाच चमकतंय व्हय?"

नानांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मोबाईलवर काहीतरी दाबायला लागले. मला वाटलं, फोटो पुसतायत.

त्यांनी मोबाईल कानाला लावला.

"हॅलो, सूनबाई? मी नाना बोलतोय. पोरगी इथंच हाय, बरी हाय, घाबरू नको. आगं ऐक तर! पोरगी बोलली! व्हय, तोंडानं! आमच्या सगळ्यांच्या देखत!"

नाना उठून उभे राहिले. एवढ्या मोठ्याने बोलत होते, की मोबाईल नसता तरी आईला ऐकू गेलं असतं.

"काय म्हनली? मला म्हनली, नाना, तुमचं नाणं घासलेलं हाय! नापास! व्हय, मलाच म्हनली! आगं रडतीस काय? पेढे कंदी आनू का साधे, ते सांग!"